वाकड्याचं मशीन

वकील कोर्टाची पायरी जन्मात कधी चढले नव्हते. काळा कोटही त्यांनी कधी घातला नाही. काळं असायचं ते नखांतलं ग्रीस. तरी सगळा बाजार त्यांना वकीलच म्हणायचा. हे नाव ठेवलं एका पंपवाल्या मिस्त्रीनं, तेही त्यांच्यासमोर उभा राहून घामाघूम झाल्यावर.

वकील बेअरिंगच्या दुकानात काउंटरवर नोकरीला होते. मिस्त्री तिथं आला, फडक्यात गुंडाळलेलं फुटकं बेअरिंग काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "असंच एक द्या."

"देतो की. पण आधी सांगा, ढकलतंय कुठून?"

"कोण ढकलतंय? कुणाला?"

"पंपाचा दांडा हो. उभा आहे की आडवा? वजन खाली येतंय की पाणी वर रेटतंय? फिरतो किती? तापतो किती? आणि हे जे फुटलं, ते आवाज करून फुटलं की गुपचूप?"

मिस्त्रीनं कपाळ पुसलं. "वकीलसाहेब, मी बेअरिंग घ्यायला आलोय, मुलगी मागायला नाही!"

दुकान खो खो हसलं आणि नाव कायमचं चिकटलं. मिस्त्री मात्र त्या दिवशी एक न्यायला आला होता तो जोडी घेऊन गेला, तीही तिरक्या कोनाची. पुढं त्याचा पंप वर्षानुवर्षं तक्रार न करता चालला, तेव्हा तोच दुसऱ्या गिऱ्हाइकांना सांगायचा, "वकिलाकडं जा. डोकं खाईल, पण माल बरोबर देईल."

वकिलांचा जीव होता तो या तिरक्या कोनाच्या बेअरिंगांवर. बाजारात त्यांना अँग्युलर म्हणतात. साधं बेअरिंग वरून आलेला भार पेलतं आणि गप्प बसतं. अँग्युलर बाजूनं येणारा रेटाही पेलतं. फक्त एकाच बाजूनं. वकील समजावून सांगताना स्वतःच उठून दुकानाच्या दाराला पाठ लावून उभे राहायचे. "हे बघा, बाहेरून कितीही ढकला, मी हलणार नाही. पण तुम्ही दार तिकडून ओढलंत तर? मी उताणा! म्हणून याला एकट्याला कुठं पाठवायचं नाही. जोडीनं पाठवायचं, आणि जोडी कशी बसवायची ते विचारून पाठवायचं."

जोडी बसवायच्या दोन तऱ्हा. या बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याची एक बाजू जाड असते, एक बारीक. जाड ती पाठ, बारीक ते तोंड. पाठीला पाठ लावून बसवली तर जोडी पाय फाकवून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी, दांड्याला इकडंतिकडं डुलू देत नाही. तोंडाला तोंड लावून बसवली तर पाय जुळवून उभ्या माणसासारखी, थोडी डुलते, थोडं सोसते. बेअरिंग ज्यात बसतं त्या घराची भोकं जरा वाकडी असली तरी सांभाळून घेते. पण तापली की आणखी आवळते, आणि आवळली की आणखी तापते. कुठल्या मशीनला काय द्यायचं, यात वकिलांचं आयुष्य गेलं. पंपाला जास्त तिरका कोन, कारण तिथं रेटा मोठा आणि वेग बेताचा. जोरात फिरणाऱ्या चाकाला कमी कोन. हे सगळं पुस्तकातही असतं. पण पुस्तक प्रश्न विचारत नाही, वकील विचारायचे.

घरी मात्र ते प्रश्न कमी विचारायचे आणि निकाल जास्त द्यायचे.

त्यांना एकच मुलगा. त्याला त्यांनीच धातू कोरायच्या लेथवर उभं केलं. पोरानं आयुष्यातली पहिली बुश, म्हणजे दांडा ज्यातून जातो ती लोखंडी नळी, कोरली तेव्हा एका तोंडाला भोक मोठं आणि दुसऱ्याला बारीक झालं. वकिलांनी ती उजेडाकडं धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "वा! गाजर कोरलंय." मग ती बुश घरी आणली, दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आणि तिला किल्ल्या लावल्या. त्या दिवसापासून पोराचं नाव वाकड्या. "वाकड्या, जेवायला चल." "वाकड्या, आईची औषधं आण." रागानं नव्हे बरं का, लाडानंच. पोरगाही हसून ओ द्यायचा. पुढं त्याचा ज्या त्या कामात हातखंडा झाला, कारखान्यात लोक त्याच्याकडून शिकायला लागले, लग्न झालं, तरी घरात तो वाकड्याच. बुश खिळ्यावरच राहिली.

"काढा की ती आता," त्याची आई एकदा म्हणाली होती. "सून काय म्हणेल?"

"सुनेला कळू दे, कुणाच्या गळ्यात पडलीये ते," वकील म्हणाले, आणि सून तोंडाला पदर लावून हसली. मुलगाही हसला. तो कसा हसला, हे तेव्हा कुणी पाहिलं नाही.

मग मुलानं नोकरी सोडली आणि स्वतःचं मशीन बांधायला घेतलं. छापखान्यात कागद कापायची लांब पाती असतात, सुतारांच्या रंध्याची पाती असतात. त्यांना धार लावायचं मशीन. मोटार जुनी घेतली, टेबल भंगारातून उचललं, पण ज्यात चाकाचा दांडा फिरतो ते हौसिंग, म्हणजे बेअरिंगचं घर, त्यानं स्वतः कोरलं. पुढचं भोक एका बाजूनं, मग तुकडा उलटून मागचं भोक दुसऱ्या बाजूनं. दोन्ही एका रेषेत यायला हवीत. त्यातच सगळी परीक्षा. ते झाल्यावर एका सकाळी तो दुकानात आला आणि काउंटरच्या पलीकडं, गिऱ्हाइकांच्या रांगेत उभा राहिला.

वकिलांना भलती मौज वाटली. "बोला शेठ, ढकलतंय कुठून?"

"बाहेरून. चाक दांड्याच्या टोकाला लटकतंय. पात्याला लागलं की मागं रेटतं."

"वेग?"

"भरपूर."

"मग कमी कोनाची जोडी. पाठीला पाठ." वकिलांनी खोका काढलाही. "लटकतं चाक आहे. दुसरा विचारच नाही."

"जोडी हीच द्या, बाबा," मुलगा म्हणाला. "पण मी तोंडाला तोंड बसवणार आहे."

"का?"

मुलानं रांगेकडं पाहिलं. मागं दोन मिस्त्री होते, दुकानाचा मालक होता. "बसवतो तशीच," तो हळू म्हणाला.

"अरे, चाक डुलेल! जोडी तापेल! मग माझ्याकडं आलास कशाला? खोका काय वाण्याकडंही मिळाला असता!"

मिस्त्री हसले. मुलानं खोका उचलला आणि गेला. वकिलांनी 'का' विचारलं होतं खरं, पण उत्तराला थांबले नव्हते. अख्ख्या बाजाराला खोदून खोदून विचारणारा माणूस पोटच्या पोराच्या वेळी एका प्रश्नावर दमला. त्यांना वाटलं, पोरगा हट्टाला पेटलाय. तेही पेटले. मशीन सुरू झालं तेव्हा बघायला गेले नाहीत. सणावाराला भेटायचे, जेवायचे, हवापाण्याचं बोलायचे. मशीनचं नाव दोघंही काढत नसत.

मशीन चाललं. धार छान लागायची, गिऱ्हाइकं वाढली. फक्त ते तापायचं. मुलगा मधेच बटण बंद करायचा, हौसिंगवर हात ठेवायचा आणि बायकोला हाक मारायचा, "ये, याला दम खाऊ दे." मग दोघं मशीनशेजारच्या दोन स्टुलांवर बसून चहा प्यायची. ती पात्यांना तेल लावायची, तो गिऱ्हाइकांच्या नकला करायचा. मशीन गार झालं की उठायचं. दिवसातून बऱ्याचदा असं व्हायचं. शेजारचा शिंपी म्हणायचा, "तुमचं मशीन काम कमी करतं आणि संसार जास्त."

मग एका दुपारी मुलाच्या छातीत कळ आली. तो स्टुलावर बसला, आणि त्यानंतर उठला नाही. मशीन गार झालं होतं.

वकील त्या दिवशी पहिल्यांदा त्या खोलीत आले. पाती भिंतीला ओळीनं टांगलेली, फरशी झाडलेली, चाकावर झाकण. त्यांनी कशाकडं पाहिलं नाही. त्यानंतर त्यांनी मुलाला वाकड्या म्हणणं सोडलं. आता नावानं हाक मारायला तो नव्हता, आणि दुसरं नाव त्यांच्या तोंडी बसत नव्हतं. म्हणून त्याच्याबद्दल बोलायची वेळ आली की ते नुसतं "तो" म्हणायचे.

सुनेनं धंदा बंद केला नाही. धार लावायला ती नवऱ्याशेजारी उभी राहूनच शिकली होती. बटण बंद करून हौसिंगवर हात ठेवायची सवयही तिनं मोडली नाही. मग एका स्टुलावर बसायची, दुसऱ्यावर तेलाची बाटली ठेवायची. पण मशीन दिवसेंदिवस लवकर तापायला लागलं, आणि एके दिवशी किंचाळायला लागलं. पात्यांची कामं अडली. छापखान्याच्या माणसानं सांगितलं की आठवडाभर बघतो, नाहीतर दुसरीकडं देतो.

तेव्हा ती दुकानात आली. तीही गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहिली.

वकिलांनी वर पाहिलं आणि त्यांचा हात खोक्यावरच थांबला. "तू कशाला आलीस, सूनबाई? निरोप द्यायचास."

"बेअरिंग हवंय, बाबा. विचारा."

वकिलांनी खोका बाजूला ठेवला. "आवाज कसा?"

"आधी शिट्टीसारखा. आता वाळू दळल्यासारखा."

"तापतं कधी? सुरू केल्या केल्या की नंतर?"

"नंतर. एकदा तापायला लागलं की थांबत नाही. हात ठेवला की झटकन उचलावा लागतो."

"ग्रीस?"

"काळं. जळकं."

तिची सगळी उत्तरं तयार होती. आता एकच प्रश्न उरला होता, आणि तो विचारायचा नाही म्हणून वकील फडताळाकडं वळले. पण ती बाई त्यांची सून होती. तिनं न विचारताच सांगितलं, "तोंडाला तोंड बसवलीये."

"माहितीये," वकील भिंतीकडं तोंड करून म्हणाले. "मी स्वतः येतो बसवायला."

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. म्हातारीनं ताट पुन्हा झाकून ठेवलं. "आता काय झालं?"

"उद्या त्याचं मशीन उघडायचंय."

"मग उघडा. आयुष्यभर तेच केलंत."

"तुला कळत नाही. तो तोंडाला तोंड बसवतो म्हणाला, त्याला काहीतरी कारण असणार. घर वाकडं कोरलं गेलं असेल, आणि त्याला ते ठाऊक असेल, तर त्यानं केलं तेच बरोबर. वाकड्या घरात पाठीला पाठ टिकलीच नसती. मग मीच मूर्ख ठरलो."

"आणि घर सरळ असेल तर?"

"मग माझं बरोबर."

म्हातारीनं त्यांच्याकडं पाहिलं. "तुम्हाला काय निघायला हवंय?"

"मी मूर्ख," वकील म्हणाले. "देवा, एवढी एक केस हरू दे."

सकाळी ते बेअरिंग ओढून काढायचा पुलर, रॉकेलचा डबा आणि नवा खोका घेऊन खोलीवर पोहोचले. सुनेनं दिवा धरला. वकिलांनी चाक उतरवलं, झाकणाचे स्क्रू काढले आणि दांडा हळूहळू बाहेर घेतला. कुठंही ठोकावं लागलं नाही. प्रत्येक स्क्रूला ग्रीसचा हात होता, प्रत्येक कड मोडून गुळगुळीत केलेली, की पुढं कधी उघडणाऱ्याचं बोट कापू नये. वकिलांनी त्या कडेवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा फिरवला.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. दिवा जरा इकडं."

एका बेअरिंगचं बाहेरचं कडं त्यांनी रॉकेलमध्ये धुतलं. या कड्यावर छर्रे फिरून फिरून एक वाट पडते, गवतातून पायवाट पडते तशी. काय घडलं त्याची ही वाट साक्षीदार; तिला खोटं बोलता येत नाही. घर वाकडं असेल तर वाट तिरकी पडते, एका काठावरून दुसऱ्या काठाकडं सरकत जाते. वकिलांना तिरकी वाट हवी होती. त्यांनी कडं फडक्यानं कोरडं केलं आणि खिडकीपाशी नेलं. जुन्या सवयीनं एक डोळा मिटला.

वाट मधासारखी पिवळी होती, कुठं कुठं निळी. तापून तापून जळलेली. आणि सरळ होती. कडं पूर्ण फिरवलं तरी काठापासून तिचं अंतर कुठंही बदललं नाही.

त्यांनी दुसरं कडं धुतलं. तेही तसंच. मग पिशवीतून केसाएवढा फरकही दाखवणारा मोजायचा डायल काढला, हौसिंगच्या पुढच्या भोकाला लावला, मागच्याला लावला, फिरवून पाहिला. काटा जागच्या जागी बसून राहिला. असं घर त्यांनी स्वतः उभ्या आयुष्यात कोरलं नव्हतं. कोरलं असतं, तर सगळ्या बाजाराला बोलावून दाखवलं असतं.

केस ते जिंकले होते.

"वाकडं आहे का?" सुनेनं विचारलं.

"नाही," वकील म्हणाले. "केसभरही नाही. एवढं सरळ घर... मग त्यानं पाठीला पाठ का नाही बसवली, पोरी? कशाला भ्याला?"

ती दिव्याची वायर सरळ करत होती. जे बोलली ते सहज बोलली, रोजच्या बोलण्यातलं सांगावं तसं. "ते म्हणायचे ना, माझा हात पहिल्यापासून वाकडा. मी कितीही जपून कोरलं तरी कुठंतरी चुकलंच असणार. म्हणून सोसून घेणारी जोडी घालतो. मी म्हटलं, अहो, मोजून तरी बघा. तर म्हणाले, मोजून काय बघायचं, घरचे सगळे ओळखतात मला."

वकिलांच्या हातातलं कडं फडक्यात गुंडाळलेलं होतं. त्यांनी फडकं उलगडलं, पुन्हा गुंडाळलं. नवा खोका उघडायचा राहिला होता. शेवटी तिनंच उघडून दिला.

जोडी त्यांनी तेलात गरम केली, पाठीला पाठ लावली आणि दांड्यावर सरकवली. दांडा त्या घरात गेला तो अलगद, जणू घर त्याचीच वाट पाहत होतं. स्क्रू आवळले, चाक चढवलं. सुनेनं बटण दाबलं.

मशीन बोललंच नाही. पंख्यासारखा नुसता वारा. तिनं छापखान्याचं पातं लावलं, मग दुसरं, मग तिसरं. ठिणग्यांचा पिसारा उडत होता. वकील स्टुलावर बसून ऐकत होते. असा आवाज ऐकून एरवी त्यांनी मांडीवर थाप मारली असती.

मग ज्या वेळी नेहमी बंद करायची, त्या वेळी तिचा हात बटणावर गेला. मशीन थांबलं. तिनं हौसिंगवर तळवा ठेवला, उचलला नाही. तसाच ठेवून उभी राहिली.

"गार आहे, बाबा."

"असणारच. आता थांबवायची गरज नाही. दिवसभर चालव."

"हो," ती म्हणाली. पण हात काढेना. दुसऱ्या स्टुलावर तेलाची बाटली होती. तिच्याकडं बघत ती म्हणाली, "मग आता आम्हाला दम खायला कुणी थांबवायचं?"

वकील उठले. त्यांनी बाटली उचलून खिडकीत ठेवली आणि स्टूल पुढं ओढलं. "बस," ते म्हणाले. "पाती कुठं पळून जात नाहीत. छापखानेवाल्याला मी बघतो. चहा टाक थोडा."

तिनं चहा टाकला. दोघं गार मशीनशेजारी बसून तो प्यायली. कप खाली ठेवत तिनं विचारलं, "ते सरळ निघालं, हे सासूबाईंना सांगाल ना?"

"सांगेन."

त्यांनी संध्याकाळी घरी आल्यावर चपलाही काढल्या नाहीत. दाराजवळच्या खिळ्यावरून बुश उतरवली, किल्ल्या सोडवून म्हातारीच्या हातात दिल्या.

"अगं ऐकलंस का," ते म्हणाले, "आपल्या पोराचा हात..." म्हातारीनं किल्ल्या ओट्यावर ठेवल्या, त्यांच्या मुठीतून ती बुश काढून घेतली आणि पदरानं पुसू लागली.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंत कधी?"